'पर्यावरणपूरक' म्हणजे नेमकं कशाला पूरक?

पंचवटीकर :
मागच्या महिन्यात एक रील बघितलं, मग तसलीच दहा यायला लागली, सगळीकडे कापडी पिशव्या नि बांबूचे ब्रश, शेवटी पाच पिशव्यांचा सेट मागवला. वर हिरवं पान आणि मोठ्ठ्या अक्षरात 'पर्यावरणपूरक'. हाताला कापड वाटेना म्हणून कडेची चिंधी कापून काडी लावली तर सुती कापडासारखी राख झालीच नाही, वितळून गोळी झाली! राग आला खरंच. पण मग शब्दाचाच विचार करत बसले. पूरक म्हणजे उणं भरून काढणारं ना, पूरक आहार म्हणतो तसं? मग पिशवी विकत घेऊन पर्यावरणाचं काय भरून निघतं? 'पर्यावरणस्नेही' बरा का?

मखमलाबाद_मळा :
ताई, ती नॉन-वोवन असणार. पॉलिप्रॉपिलीनचे धागे न विणता नुसते उष्णतेने चिकटवलेले, दिसायला कापड. नियमात तिला प्लास्टिकचीच पिशवी धरलंय, २०२१ पासून किमान ६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची लागते. म्हणजे आधी 'कापडी' हा शब्दच चुकीचा लावलाय. 'स्नेही' हे इको-फ्रेंडलीचं सरळ भाषांतर, कानाला गोड आहे पण दावा तोच. 'पूरक' गणपतीत शाडूच्या मूर्तींमुळे घरोघरी पोचला, आता काढणं अवघड. मी 'कमी घातक' म्हणतो, जाहिरातीत कोणी छापणार नाही पण खरं तेवढंच आहे.

भांडीबाजार :
'सस्टेनेबल'चं पण बघा. रीलवाले 'शाश्वत बाटली' म्हणतात, अहो शाश्वत विकास ठीक आहे, वस्तूला आपल्याकडे टिकाऊ म्हणतात. आमच्या दुकानात मुली मोबाईलवर फोटो दाखवून तांब्याची बाटली मागतात, मी आधी विचारतो घरात आजीचा तांब्या-पिंप आहे का, बहुतेकींकडे माळ्यावर असतं. चिंच लावून घासा नि वापरा म्हणतो. धंदा बुडतो थोडा, बुडू दे.

पंचवटीकर :
काका, हे फार पटलं. आणि ग्रीनवॉशिंगला, म्हणजे माल पर्यावरणाला चांगला असल्याचा खोटा आव आणण्याला, काय म्हणायचं? 'हरितप्रक्षालन' वाचलं कुठेतरी, काही बोध होत नाही.

मखमलाबाद_मळा :
'हिरवी धूळफेक'. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, पुराव्याशिवाय नुसतं 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असं मोघम लिहायचं नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, त्या जळलेल्या चिंधीचा फोटो जोडून.