मोहल्ला समित्यांनी खरंच भिवंडी वाचवली का?

मागवाला
काल आमच्या भागातल्या शांतता समितीच्या बैठकीला गेलो होतो. सण तोंडावर आले की पोलीस ठाण्यात चहा, सत्कार, ‘सहकार्य करा’. मग वर्षभर कुणी कुणाला ओळखत नाही.

भिवंडी १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून जळाली, १९८४ मध्ये पुन्हा. नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बसवल्या. पुढारी बाजूला, साधी माणसं आत, हिंदू-मुसलमान दोघेही. बोलणं रोजच्या भांडणांवर. बाबरी पडल्यावर मुंबईत दोन महिन्यांत ९०० माणसं गेली, भिवंडी शांत राहिली. ओळख आधीच असावी लागते, पेटल्यावर ती करून घेता येत नाही.

रात्रपाळी
पटत नाही. भिवंडी यंत्रमागांचं गाव. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कापड घेणारा तिसरा. खडखडाट थांबला की सगळ्यांचीच चूल थंड. लोकांनी पोटासाठी शांतता राखली, श्रेय समित्यांना मिळालं.

मागवाला
माग १९८४ मध्येही होतेच की! तेव्हा पोटाने का नाही थांबवलं?

कल्याणरोड
मग २००६ चं काय? कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद झाला, गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन हवालदारांना मारलं. तेव्हा कुठे होती ओळख? एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभं राहिलेलं काम त्याची बदली झाली की खचतं. याला मी समाज जोडणं म्हणणार नाही.

मागवाला
हा मुद्दा मान्य, आणि तो लागतोही. पण ते भांडण लोक आणि पोलीस यांच्यातलं होतं, शेजाऱ्या-शेजाऱ्यातलं नव्हतं. समितीने जिथे विश्वास बांधला होता तो धागा तेव्हाही तुटला नाही. पोलिसांशी असलेला मात्र तुटला.

उंबरठा
तुम्ही सगळे न्यायाला वळसा घालताय. १९७० च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलं. मुंबईच्या दंगलीनंतर श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांची नावं घेतली. ज्याचं घर जळलं त्याला आधी विचारा, गुन्हेगाराला शिक्षा झाली का. त्याला समितीत बसवून ‘झालं गेलं विसरा’ म्हणणं ही माझ्या लेखी शांतता नाही, गप्प बसवणं आहे. आणखी एक. या बैठकांत बायका किती असतात? आमच्या चाळीत दोन्हीकडच्या बायका एका नळावर भांडतात आणि एकमेकींची पोरंही सांभाळतात. त्यांना कुणी बोलावत नाही.

मागवाला
बायकांचं अगदी खरं. कालच्या बैठकीत एकही नव्हती, आणि हे तुम्ही लिहीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. न्यायाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. खटले वर्षानुवर्षं चालतात. तोवर त्याच गल्लीत पोरं शाळेत जायची असतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालवावी लागतील.

उंबरठा
चालवा. पण पुढच्या बैठकीत पहिला विषय जळालेल्या घरांचा घ्या. गटाराचा नंतर.