भुवई नव्हे, सिगारवाला फोटो

लोक म्हणतात की फुटबॉल प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्तीची नेटवरची हवा म्हणजे नुसती ती चढलेली डावी भुवई. अर्धंच खरं. भुवई तो इटलीच्या मिलान क्लबचा प्रशिक्षक होता तेव्हापासून तशीच आहे. खरा भडका उडाला तो 2022 मध्ये. 30 एप्रिलला त्याच्या रेआल माद्रिदने ला लीगा (स्पेनची अव्वल लीग) जिंकली, युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा आन्चेलोत्ती पहिला प्रशिक्षक ठरला, आणि सिगारवाला फोटो आला: काळा चष्मा, दगडी चेहरा, शेजारी माद्रिदचा खेळाडू विनिशियस. चारच दिवसांनी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मँचेस्टर सिटीविरुद्ध 90व्या मिनिटाला, दोन्ही सामने मिळून दोन गोलांनी मागे असताना, माद्रिदच्या रॉद्रिगोचे लागोपाठ दोन गोल! फोटोला वजन आलं ते त्यामुळे. मीम करताना लोक नुसता चेहरा कापून घेतात, तिथेच मजा जाते; विशीतल्या पोरांमध्ये बसलेला 62 वर्षांचा शांत माणूस दिसायलाच हवा.