पेटी शिकले काळी १ वर, गळा काळी ४ चा. काय करू?

नमस्कार मंडळी. वय ५४, गेल्या जूनपासून पेटी शिकतेय. त्याआधी आरतीतले टाळ तेवढे वाजवलेत.

सासरे गावी भजनाला साथ करायचे, त्यांची पेटी माळ्यावर पडून होती. निवृत्त झाल्यावर ती उतरवली. क्लासमध्ये माझ्या शेजारी दुसरीतला एक मुलगा बसतो. त्याची यंदा गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा आहे, आणि माझा अलंकार (सरावाची स्वरमालिका) चुकला की सरांच्या आधी तोच म्हणतो, "काकू, ध राहिला." असो.

सरांनी काळी १ चा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा धरून शिकवलं. सा-रे काळ्यांवर, ग पांढरी ४, मग म-प-ध सलग तीन काळ्या, नी पांढरी १. आता हाताला बसलंय. राग भूप येतो, यमन चालू आहे. पण आमचं सोसायटीतल्या बायकांचं हरिपाठाचं मंडळ आहे, दर एकादशीला बसतो, आणि मला तिथं वाजवत गायचंय. काळी १ ला आमचा आवाज एक तर घशात अडकतो, नाहीतर वर किंचाळतो. सगळ्यांच्या सोयीची पट्टी काळी ४. तिथं सा धरला की बोटांना काहीच ओळखीचं राहत नाही. गेल्या एकादशीला मी म शोधेपर्यंत कडवं संपलंसुद्धा.

सर म्हणाले, "आधी एक पट्टी पक्की करा, दोन वर्षांनी बघू." त्यांचं चूक नसेल, पण ते मुलांना शिकवतात आणि मुलांकडे वर्षं असतात. स्केल चेंजर घ्यावी का? काळी १ चीच बोटं ठेवून काळी ४ चा सूर निघतो म्हणे. पण ती जड, शिवाय सासऱ्यांची पेटी पुन्हा माळ्यावर टाकायचं जिवावर येतं.

दुसरं म्हणजे भाता. दम धरून हळू सोडा म्हणतात. मी सायकलमध्ये हवा भरल्यासारखी मारत सुटते, कारण थांबलं की सूर मरतो. डावा खांदा भरून येतो. हे वयामुळे का?

१९४० साली रेडिओवर पेटीला बंदी घातली होती. तशी आमच्या मजल्यावर यायच्या आत उत्तर द्या.

प्रतिसाद १

ताई, यमन वाजवता ना, मग काम झालंय. काळी १ च्या यमनात तुम्ही काळी ३ सोडून पांढरी ५ घेता, तोच तीव्र म. आता त्याच सात पट्ट्या, एकही न बदलता, काळी ४ पासून वरच्या काळी ४ पर्यंत वाजवा. काळी ४ चे सगळे शुद्ध स्वर तिथंच आहेत! तुमचा प झाला सा, आणि जुना सा झाला म. अंगठा काळीवर नेऊ नका. मी ग आणि ध, दोन्ही ठिकाणी अंगठाच घेतो. मात्र तोंडानं सरगम म्हणतच वाजवा, नाहीतर डोक्यात जुनीच नावं चालू राहतात. स्केल चेंजर आत्ता नको.

प्रतिसाद २

भात्याचं खापर स्वतःच्या वयावर फोडू नका, आधी पेटीचं वय बघा. पुढची सगळी बटणं बंद करून भाता मारा. दोन-चार हातांत तो घट्ट व्हायला हवा. सहज दाबला जात राहिला तर हवा भात्यातूनच पळतेय. घट्ट झाला, पण बटणं उघडल्यावर कुठलीही पट्टी न दाबता सैल पडला, तर पट्ट्यांखालचं चामडं झिजलंय. घरी चिकटपट्ट्या लावत बसू नका, नंतर काढताना कापड फाटतं.

धागाकर्ती

आत्ताच बघितलं. बटणं बंद, तरी भाता आपला सुरूच. मागच्या घडीत करंगळी जाईल एवढं भोक निघालं. उंदीर गावचा की डोंबिवलीचा, देव जाणे. म्हणजे इतके महिने मी त्या भोकाला हवा घालत होते.

काळी ४ ची सरगम तीनदा अडखळली, चौथ्यांदा म न बघता सापडला. डोंबिवली-ठाण्याकडे पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का? एकादशी नऊ दिवसांवर आलीय.