विजापूर सहल: गाईड, गुडघे आणि पन्हाळ्याचे ३४० रुपये

शिंदे वहिनी (सी-१०२), संध्या. ७:०८: माने भाऊजी, काल रात्री साडेअकराला टाकलेला प्लॅन आत्ता वाचला. माणशी १,०५०? मीटिंगमध्ये ७५० म्हणाला होता, ते धरूनच आम्ही चार नावं दिली. आणि पहाटे ४ ला निघून गोलघुमटाचे सात मजले चढायचे असतील तर आमच्या आईंनी काय करायचं? त्यांचे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत.

माने (ए-२०२): वहिनी, ७५० जेवण आणि गाईड सोडून होते. आता सगळं धरून, आपलीच १७ सीटर, आपलाच गाईड, दिवसभर. लपवाछपवी नाही, घ्या. गाडी ३२० किमी, २४ रुपयांनी ७,६८०. ड्रायव्हर भत्ता ५००. टोल आणि कर्नाटकची परमिट १,४००. गाईड १,५००. तिकिटं गोलघुमट २५ आणि इब्राहिम रोझा २५, पंधरा माणसांचे ७५०. जेवण अडीचशेनं ३,७५०.

गोखले काका (ए-१०४): बेरीज १५,५८०. जमा होणार १५,७५०. वरचे १७० कुठं? तसेच पन्हाळा सहलीतील शिल्लक रु. ३४० चा हिशोब अद्याप ग्रुपवर आलेला नाही.

कांबळे (बी-१०२): १७० चा चहा पिऊ की ओ काका.

गोखले काका (ए-१०४): चहा जेवणात धरलेला असावा.

पाटील चेअरमन (सी-२०१): सर्वांनी संयम ठेवावा ही विनंती. माने स्वतःचा वेळ देऊन करतात. 🙏

शिंदे वहिनी (सी-१०२): मान्य आहे, चेअरमनसाहेब. पण मी गुडघ्याचं विचारलं, त्यावर कुणी बोललेलं नाही.

मुजावर सर (ए-३०३): वहिनी, आईंना घेऊन या. घुमटाच्या आत कबरींच्या चौथऱ्यापर्यंत चार पायऱ्या इकडंतिकडं, हात धरून होतंय. सात मजली मनोरे चार कोपऱ्यांना आहेत, त्यातल्या जिन्यानं वर गॅलरीत जायचं. तो जिना अरुंद, गोल फिरत जाणारा, पायऱ्या उंच. आमच्या आत्यांना एकदा नेलं होतं. दुसऱ्या मजल्यावर त्या खाली बसल्या, मागं शाळेची पोरं अडकली, पुढचे वर, मागचे खाली, वीस मिनिटं कुणी हललं नाही. वयस्कर मंडळींनी खालीच बसावं. खालनं मान वर केली की खरा घुमट तिथूनच कळतो. एवढा मोठा, आणि आत एक खांब नाही.

शिंदे वहिनी (सी-१०२): थँक्यू सर. एवढंच हवं होतं.

देशपांडे काकू (बी-३०१): खांब का नाही तेही सांगते. चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवायचा तर कोपरे उरतात. तिथं एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी घेतल्या आहेत, घुमटाचा भार त्या भिंतींवर उतरवतात. घुमट बाहेरून साधारण ४४ मीटर व्यासाचा. १६५६ चं काम. मी आठवी-नववीला २९ वर्षं हे शिकवलं आहे, म्हणून विचारते. गाईडचे १,५०० नेमके कशासाठी?

चौगुले (सी-३०४): गाडी जतवरनंच न्या. नागज फाट्यावरनं वळायचं. अथणी जवळ पडतंय म्हणून कोण सांगंल, ऐकू नका. सध्या कारखाने चालू आहेत, रात्री उसाचे ट्रॅक्टर असतात, मागच्या ट्रॉलीला लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. जतला माझ्या मेव्हण्याकडं चहा.

माने (ए-२०२): जतवरूनच आहे चौगुले. प्लॅनमध्ये लिहिलंय.

चौगुले (सी-३०४): प्लॅन वाचला नाही. पण जतवरनंच न्या.

माने (ए-२०२): *हा मेसेज डिलीट केला आहे*

देशपांडे काकू (बी-३०१): डिलीट करायच्या आधी वाचला. "गाईड असला की निदान काकू गप्प बसतील." धन्यवाद माने.

कांबळे (बी-१०२): 🙈

माने (ए-२०२): काकू, तसा अर्थ नव्हता. मिसेसना पाठवत होतो.

देशपांडे काकू (बी-३०१): म्हणजे घरात हेच बोलणं चालतं.

पाटील चेअरमन (सी-२०१): सर्वांनी संयम ठेवावा ही विनंती. 🙏

देशपांडे काकू (बी-३०१): मी संयमच ठेवते आहे. पन्हाळ्याला तो गाईड तीन दरवाजा महाराजांनी बांधला म्हणून सांगत होता. बांधकाम आदिलशाही, शिलालेख तिथंच भिंतीत. मी तेवढं दाखवलं तर "उशीर होतोय". सज्जा कोठीसमोर मात्र फोटोसाठी पाऊण तास होता.

गोखले काका (ए-१०४): पन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर: शिल्लक रु. ३४० चा हिशोब अद्याप ग्रुपवर आलेला नाही.

सावंत (बी-२०४): बी विंगची टाकी वाहतेय. मोटर कुणी चालू ठेवलीय? पायरीवरनं पाणी पार पार्किंगमध्ये आलंय.

कांबळे (बी-१०२): विजापूरला ताज बावडी म्हणून जुनी मोठी विहीर आहे म्हणे, आपण इथंच काढली.

सावंत (बी-२०४): थट्टा नको, माझी स्कूटर तिथं आहे.

चौगुले (सी-३०४): ती स्कूटर माझ्या जागेत आहे, हे पण एकदा बोलू.

पाटील चेअरमन (सी-२०१): मोटर बंद केली आहे. पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये.

तेजस (बी-२०३), रात्री ८:४१: सॉरी, उशिरा बघतोय. सरळ विचारतो. ज्या आदिलशहानं अफजलखानाला महाराजांवर सोडला त्याची कबर बघायला हजार रुपये भरून जायचं? प्रतापगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, आपल्या सोसायटीची सहल अजून तिकडं गेलेली नाही.

सावंत (बी-२०४): बरोबर आहे तेजसचं. मला पण हेच म्हणायचं होतं.

माने (ए-२०२): अरे, मीटिंगला तूच "गोलघुमट एकदा बघायचाय" म्हणालास ना?

देशपांडे काकू (बी-३०१): तेजस, बाळा, युनेस्कोच्या त्याच यादीत पन्हाळा पण आहे आणि तिथं तू गाडीत झोपला होतास. आता नीट ऐक. गोलघुमटाखाली मोहम्मद आदिलशहा आहे. तो १६५६ ला वारला. अफजलखान निघाला १६५९ ला, तेव्हा गादीवर दुसरा अली होता, जेमतेम विशीतला, आणि कारभार बडी साहेबीण, म्हणजे मोहम्मदची बेगम, बघायची. त्या अलीची कबर बारा कमानीत. छपराविना नुसत्या कमानी उभ्या आहेत, काम पुरं झालंच नाही. आणि मोहम्मद आदिलशहा म्हणजे तोच, ज्यानं १६४८ ला जिंजीच्या वेढ्यात शहाजीराजांना कैद करवलं. शहाजीराजे त्याच दरबाराचे सरदार. आपलं मिरजही तेव्हा आदिलशाहीत. खान मारल्यावर महाराज पन्हाळा घेऊन थेट मिरजेच्या किल्ल्याला वेढा घालायला आले, म्हणजे आपल्या दारात. ज्या दरबाराशी राजे लढले तो केवढा होता हे न बघता प्रतापगड अर्धाच कळतो.

तेजस (बी-२०३): ओके काकू. बारा कमान प्लॅनमध्ये आहे का?

माने (ए-२०२): नाही.

तेजस (बी-२०३): मग घ्या ना.

कांबळे (बी-१०२): पाच मिनिटात पार्टी बदलली पोरानं.

सावंत (बी-२०४): मी अजून तिकडंच आहे. कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो.

गोखले काका (ए-१०४): फॉरवर्डेड माहितीनुसार गोलघुमट हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट आहे. तसेच पन्हाळा सहलीतील शिल्लक रु. ३४० चा हिशोब अद्याप ग्रुपवर आलेला नाही.

देशपांडे काकू (बी-३०१): नंबर सोडा हो काका. हल्ली स्टेडियमचे घुमट त्याहून मोठे होतात. दगड, चुना आणि १६५६, हे बघा.

मुजावर सर (ए-३०३), रात्री ९:१५: गाईडचं बोलतो, कारण तो मीच सुचवलाय आणि पैसे कशाला हा प्रश्न काकूंचा योग्य आहे. इतिहासासाठी काकू आहेतच, तिथं वाद नाही. गाईड लागतो तो वेळेसाठी आणि आवाजासाठी. डिसेंबरात शाळांच्या बसेस लागतात. दहानंतर गॅलरीत गेलात तर चारशे पोरं एकदम "ओऽऽ" करत असतात, घुमटाचा आवाज ऐकूच येत नाही, नुसता पोरांचा ऐकायचा. सकाळी लवकर पोचलं, वर दहा-पंधरा माणसं असली, की मग बघा. गाईड आपल्याला एका बाजूला भिंतीशी बसवतो आणि स्वतः पलीकडं चालत जातो. मधे सदतीस-अडतीस मीटरची पोकळी. तिकडं तो आगकाडी ओढतो. ती पेटल्याची खर्र आपल्या कानात येते, मागून कुणी ओढल्यासारखी. मी दर वेळी मागं वळून बघतो. मग तो हातातला कागद फाडतो. एक टाळी वाजवली तर सात-आठ वेळा परत येते. हे स्वतःचं स्वतः करायला गेलं तर आपण सगळे एकदम बोलतो आणि काहीच ऐकू येत नाही. चार वाजता निघायचं ते एवढ्यासाठीच.

शिंदे वहिनी (सी-१०२): हे आधीच प्लॅनमध्ये लिहिलं असतं तर मी काही विचारलंच नसतं.

कांबळे (बी-१०२): कुजबुजलेलं पलीकडं ऐकू यायला विजापूर कशाला? आपल्या जिन्यात हळू बोललं तरी सी विंगला कळतंय.

शिंदे वहिनी (सी-१०२): हे कुणाला उद्देशून?

कांबळे (बी-१०२): सी विंग मोठी आहे वहिनी.

चौगुले (सी-३०४): सी विंगमध्ये मी पण राहतो. जतवरनंच न्या.

देशपांडे काकू (बी-३०१): मुजावर, तुम्ही नीट सांगितलंत. गाईड घ्या. आवाजाचं त्याचं, बाकी मी बघते. आणि रोझ्यापाशी घाई नको. इब्राहिम रोझा म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर, १६२६ च्या सुमाराची, भिंतीवर दगडात अक्षरं कोरून केलेली जाळी आहे, ती उन्हाच्या बाजूनं बघायची. ताजमहालाला नमुना म्हणून हाच होता असं तिथं सगळे सांगतात. ताजचं काम त्याच्या नंतर सुरू झालं, एवढं मी खात्रीनं सांगते, बाकी गाईडला सांगू दे.

तेजस (बी-२०३): तोफ आहे ना? मुलूख-मैदान?

देशपांडे काकू (बी-३०१): मलिक-ए-मैदान. ५५ टनांची. नगरला १५४९ मध्ये ओतली, १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात हत्ती. १८५४ मध्ये इंग्रजांनी लिलावात काढली, बोली लागली १५० रुपये. नंतर व्यवहार रद्द केला म्हणून वाचली.

कांबळे (बी-१०२): ५५ टन १५० रुपयात! आणि माने आमच्याकडनं नुसतं बघायचे १,०५० घेतात. गोखले काका, तेव्हा तुम्ही खजिनदार पाहिजे होता.

गोखले काका (ए-१०४): मी असतो तर पावती घेतली असती.

माने (ए-२०२): जेवणाचं ऐका. बाहेरच्या हॉटेलात नाही, तिथल्या खानावळीत. ज्वारीची कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. ज्यांना कांदा-लसूण नको त्यांनी आजच सांगा. पन्हाळ्याला ताट आल्यावर सांगितलं होतं, मग मला ओरडले.

गोखले काका (ए-१०४): आमच्या दोघांना कांदा-लसूण नको. तसेच पन्हाळा

माने (ए-२०२): काका थांबा. शिल्लक ३४०, माणसं १७, माणशी २० रुपये. तुमचे दोघांचे ४० आत्ता गुगल पे केले. बघा.

गोखले काका (ए-१०४): रु. ४० प्राप्त झाले. हिशोबाचा कागद प्राप्त झालेला नाही.

सावंत (बी-२०४): पन्हाळ्याला आम्ही पण तिघं होतो.

शिंदे वहिनी (सी-१०२): आम्ही चौघं.

चौगुले (सी-३०४): आम्ही दोघं. माझे मेव्हण्याला पाठवा, चहाचे.

माने (ए-२०२): 🙏🙏

शिंदे वहिनी (सी-१०२): आईंना ड्रायव्हरच्या मागची सीट. पाय लांब करता आला पाहिजे. लिहून ठेवा, नाहीतर तिथं तेजस झोपलेला असतो.

पाटील चेअरमन (सी-२०१): तर ठरलं. रविवार पहाटे ४ ला गेटवर. वॉचमनला किल्लीचं सांगून ठेवतो. कर्नाटक परमिटचा कागद गाडीत असल्याची खात्री माने करतील. पैसे शुक्रवारपर्यंत.

सावंत (बी-२०४): माझ्या निषेधाची नोंद घ्या. आमची तीन नावं धरा.

मुजावर सर (ए-३०३), रात्री १०:२२: आत्ताच गाईडशी बोललो. साडेसातला गेटवर थांबतो म्हणाला. मराठी बऱ्यापैकी समजतं. बारा कमान पण घेतो. सोबत इतिहासाच्या बाई आहेत, २९ वर्षं शिकवलंय, हेही आधी सांगून टाकलं. नंतर कुरबूर नको.

देशपांडे काकू (बी-३०१): छान केलंत. काय म्हणाला?

मुजावर सर (ए-३०३): म्हणाला, मग तीनशे जास्त होतील.

गोखले काका (ए-१०४): सदर रु. ३०० पंधरा जणांत की बी-३०१ च्या खाती?