"आई गेलीय कुणाच्या तरी घरी" : सेवेत वाढलेल्या ख्रिस्ती घरांचे अनुभव

नगरकरीण
काल चर्चमध्ये कापणीचा सण झाला. शेत आता कुणाकडेच नाही, सगळे एमआयडीसीत नाहीतर आयटीत. तरी वेदीपुढे ऊस, मक्याची कणसं, भोपळे, एक बांधलेला कोंबडा, सगळं हजर. उपासनेनंतर लिलाव. एक दुधी अकराशेला गेला, घेणाऱ्याने लगेच परत दिला, पुन्हा बोली सुरू!

मला आजी आठवली. राहुरीकडच्या खेड्यांत ती बायबलबाई होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणारी. मानधन नावापुरतं, पायपीट भरपूर. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, पाटी-पेन्सिल आणि एखाद्या बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. भर दुपारी ओसरीवर बायकांना अक्षरं गिरवायला लावायची. मग तोच वसा आईने घेतला. शाळेतून यावं तर दाराला कडी, आणि शेजारच्या काकूंचं ठरलेलं उत्तर: "आई गेलीय कुणाच्या तरी घरी." फार राग यायचा हो. आता आई अंथरुणाला खिळलीय, तर महिला मंडळातल्या बायका पाळीपाळीने येऊन बसतात. मला रजा टाकावी लागत नाही. फक्त माझ्या स्वयंपाकघरातले डबे रोज नव्या जागी सापडतात.

तुमच्या घरची सांगा.

पोपटी_शाल
राहुरी म्हटलं की टिळकच, म्हणजे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. रेव्हरंड दुष्काळातली पोरं घरी घेऊन यायचे आणि त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी लक्ष्मीबाईंच्या गळ्यात. नाव त्यांचं, राबणं हिचं. आमच्याकडेही तेच. पपा डीकन (चर्चच्या कामात मदत करणारे), चहा आईचा.

केळीवाला_वसई
आम्ही कॅथलिक. बाबा व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत. दोघं दोघं मिळून गरिबांच्या घरी जायचे, पण कुणाकडे गेले ते घरात कधी बोलायचे नाहीत, आईलाही नाही. मला पत्ता लागला तो माझी जुनी सायकल शाळेतल्या एका मुलाकडे दिसली तेव्हा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुला छोटी झाली होती ना? मग गप्प बस."

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या वेळचे, वसईची हिरवाई वाचवण्यासाठीचे हरित वसईचे मोर्चे! आई भाकऱ्या बांधून निघायची. पाणी, विहिरी, बागायती वाड्या वाचवणं हीसुद्धा सेवाच असं तिचं मत. आता वाड्यांच्या जागी टॉवर पाहिले की ती खिडकी लावून घेते.

पाळकाची_पोर
सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहिते. पपा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. दर काही वर्षांनी बदली, नवं पॅरिश (चर्चची मंडळी), नवी शाळा. नाताळला नवा फ्रॉक घातला तर "पाळकांना परवडतं वाटतं", जुना घातला तर "पाळकीणबाईंचं मुलींकडे लक्षच नाही". रात्री दोनला दार वाजलं की आधी पपा उठायचे, मग स्टोव्ह पेटल्याचा आवाज. विश्वास आहे, रोज प्रार्थना करते. पण पाळकाशी लग्न करणार नाही हे सातवीतच ठरवलं होतं.

नगरकरीण
@पाळकाची_पोर 😂 मग केलं कुणाशी?

पाळकाची_पोर
मेल नर्सशी. रात्री दोनचा फोन चुकला नाहीच.

खर्डेकर
जामखेडची आठवण लिहितो. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला शिकलेले. पैसा मिळवता आला असता, पण 1970 ला या दुष्काळी भागात आले. माझी मावशी त्यांच्याकडे शिकलेली गावची आरोग्यसेविका. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. प्रशिक्षणाला जामखेडला जायची आणि शिकलेलं गावात येऊन सांगायची. जुलाबाला साखर-मीठ-पाणी, बाळंतपणाला स्वच्छ ब्लेड, हात धुणं. आधी ज्या वाड्यात तिला उंबऱ्याबाहेर थांबवायचे तिथेच मग "मावशी, आत या, सूनबाईला बघा." 1979 ला डॉक्टरांना मॅगसेसे मिळालं तेव्हा मावशीचा रुबाब असा की बक्षीस तिलाच मिळालंय. (खोटं नाही तसं.)

आम्ही ख्रिस्ती नाही. मावशीही नव्हती, शेवटपर्यंत खंडोबाची वारी केली. डॉक्टरांनी कधी विषय काढला नाही.

सोलापुरी_चादर
किल्लारी. 30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र संपून पहाटे भूकंप. आमच्या चर्चच्या तरुण संघाची पोरं टेम्पोत ब्लँकेटं, पाव, पाणी घालून निघाली. दगडमातीची जाड माळवदं सगळी आत बसलेली. रुमाल बांधून ढिगारे उपसले. एका आजींना वाचता येत नव्हतं, त्या नातवाचं दप्तर शोधत होत्या. पुढचं लिहवत नाही, पोळ्या लाटता लाटता टाइप करतेय.

पोपटी_शाल
🙏 सावकाश लिहा ताई.

श्रीरामपूर_एक्सप्रेस
सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला आम्ही हिंदू असूनही सगळं घर जातो. आजोबांचा नवस होता, कशाचा ते विसरलं, जाणं राहिलं. स्वयंसेवक पोरं घाम पुसत पाणी वाटतात. यंदा आमच्या पोरालाही पाण्याचा जग धरायला बसवलं, बाईसाहेबांनी फोटो टाकले.

बाकी नाताळच्या करंज्या कोण पाठवतंय?

नगरकरीण
आमच्या गल्लीत सगळ्यांना जातात. सारणात खसखस हवीच.

केळीवाला_वसई
करंज्या ठीक आहेत, आमची सुकेळी (सुकवलेली केळी) खाऊन बघा.

दौंडकर
उशिरा आलो. आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या. रमाबाई 1922 ला गेल्या, त्यामुळे आजीने त्यांना पाहिलं नव्हतं, पण "बाईंनी हे लावून दिलं" असं रोज म्हणायची. तिथल्या मुलींनीच छापखाना चालवला, रमाबाईंचं बायबलचं भाषांतर तिथेच छापलं. आंधळ्या मुली ब्रेल वाचायच्या. आजीला माहेर नव्हतं, पण दिवाळीत बाकीच्या बायका माहेरी निघाल्या की ही पिशवी घेऊन केडगावला.

पाळकाची_पोर
मला जायचंय तिथे. पुण्याहून कसं जायचं? गाडी थांबते का?

दौंडकर
दौंडची लोकल थांबते. स्टेशनबाहेर रिक्षा मिळेल. रविवारी नका जाऊ, उपासनेत कुणी बोलायला मोकळं नसतं.