टोकियोत फ्रोझन शोल्डर: अ‍ॅक्युपंक्चर विम्यातून घेऊ की पदरचे पैसे घालून?

मंडळी, मी निशिकासाईत राहते. वय ५१, मधुमेह आहे. डावा खांदा पार आखडलाय. केसांना क्लिप लावता येत नाही, बाल्कनीत कपडे वाळत घालताना डोळ्यांत पाणी येतं, रात्री त्या कुशीवर वळले की झोप उडालीच. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून निदान केलंय. व्यायाम चालू आहेत. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय, पण त्याने काही दिवस साखर वर जाते, म्हणून मी टाळतेय. त्यात शेजारच्या जपानी काकूंनी हारी-क्यूचा, म्हणजे सुया आणि मोक्साच्या (त्वचेजवळ जाळायच्या वाळक्या वनस्पतीच्या) शेकाचा, लकडा लावलाय.

इथल्या आरोग्य विम्यात हे मोजक्या सहा दुखण्यांना बसतं. कंबरदुखी, संधिवात वगैरेंबरोबर आखडलेला खांदाही त्यात आहे. डॉक्टरांचं संमतीपत्र, म्हणजे दोइशो, लागतं आणि ते सहा महिने चालतं. मेख पुढेच आहे. विम्यातून सुया सुरू केल्या की त्याच खांद्यासाठी दवाखान्यातले उपचार विम्यातून घेता येत नाहीत. म्हणजे फिजिओथेरपीवर पाणी सोडायचं का? कुणी या चक्रातून गेलंय का? डॉक्टर संमतीपत्र सहज देतात की नाक मुरडतात?

स्टेशनजवळच्या पाट्यांनीही डोकं फिरतं. शिन्क्यूइनमध्ये, म्हणजे हारी-क्यूच्या दवाखान्यात, सुया आणि मोक्सा या दोन्हींचे वेगवेगळे राष्ट्रीय परवाने लागतात, सेक्कोत्सुइन, म्हणजे हाडं-सांधे बसवणारे, मुरगळणं-निखळणं बघतात, आणि सेइताइला, म्हणजे हाताने दाबून अंग मोकळं करून देणाऱ्यांना, सरकारी परवाना असा नाहीच. बाहेरून सगळी दुकानं सारखीच दिसतात! आत गेल्यावर परवाना दाखवा म्हटलं तर उद्धट वाटेल का?

मोक्साची मला जास्त धास्ती आहे. माझ्या बोटांना मधूनमधून बधिरपणा येतो, साखरेमुळे जखम भरायलाही वेळ लागतो. भाजलेलं कळलंच नाही तर? कुणा मधुमेह्याने फक्त सुया घेऊन मोक्सा नाकारलाय का?

'हे सगळं थोतांड आहे' हा वाद कृपया इथे नको. २००७ साली प्रसिद्ध झालेली जर्मनीतली कंबरदुखीची मोठी चाचणी मी वाचलीय. खऱ्या बिंदूंवर टोचलेल्या आणि भलतीकडेच टोचलेल्या सुयांचा गुण जवळपास सारखाच आला, पण दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या. मला रात्रीची झोप मिळाली तरी पुरे.

एदोगावा किंवा कोतो वॉर्डात इंग्रजी समजणारं शिन्क्यूइन माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दर सांगितलात तर फारच बरं.