गाणे सुटले, कान राहिला

लहानपणी गाणे किंवा वाद्य शिकलेल्यांपैकी अनेकांचे शिक्षण दहावीच्या वर्षी सुटते. तरीही त्या शिक्षकांनी लावलेले एखादे वळण पुढे भलत्याच कामात डोके वर काढते. तुमच्या बाबतीत असे काही घडले असेल, तर ते सविस्तर लिहावे. शिक्षकांचे नाव देण्याची गरज नाही. सुरुवात मी करतो.

मिरज, आता इचलकरंजी

सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमच्या बाई राहत असत. पहिले चार महिने त्यांनी आम्हाला षड्जापलीकडे, म्हणजे पहिल्या 'सा'पलीकडे, नेले नाही, याचा तेव्हा भयंकर राग येई. तानपुरा जुळवताना त्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा सरकवीत, आणि तो केसभर पुढेमागे झाला की तोवर बोथट वाजणारी तार एकाएकी झणकारू लागे. मग डोळे मिटूनच त्या विचारीत, "आली का रे जवारी?" घरी पळायच्या घाईत आम्ही "आली" म्हणून मोकळे होत असू, त्यावर न रागावता त्या दोरा पूर्ण काढून टाकीत आणि मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून लावीत. पुढे मी यंत्रमागांच्या दुरुस्तीत पडलो. चोवीस मागांच्या खडखडाटात एकाचा ठेका बिघडला, तर तो मला बसल्या जागी कळतो, आणि हाताखालचा मुलगा घाईने "झाले" म्हणाला की मी काही न बोलता त्याने आवळलेला नट पुन्हा सैल करतो.

नागपूर

माझा अनुभव गोड नाही. आठ वर्षांची असताना शाळेच्या समूहगीतात बाईंनी मला मागच्या रांगेत उभे केले आणि फक्त ओठ हलवायला सांगितले. त्यानंतर घरच्या आरतीतही माझा आवाज निघेना. (त्यांना स्पर्धेची काळजी असणार, हे आता समजते, पटत मात्र नाही.) त्रेचाळिसाव्या वर्षी भीतभीत एका गुरुजींकडे गेले, तेव्हा त्यांनी पाऊण तास केवळ माझी पट्टी, म्हणजे मला सोसेल असा 'सा', शोधण्यात घालवला आणि पेटीच्या पांढरी चारवर आवाज मोकळा झाला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेला गेले असता शेजारच्या मुलीने विचारले, "काकू, तुम्ही कोणाच्या आई?"

फोंडा, सध्या मस्कत

आमचे मास्तर देवळातील भजनाला पेटीची साथ करीत असत. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. शिकवण्याआधी वाद्याचा दोष कबूल करणे त्यांना आवश्यक वाटत असावे. पेटीचे सूर ठरलेले असल्यामुळे दोन स्वरांमधील मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, तिच्यातून निघत नाही, हे तर झालेच, पण मास्तरांची खरी तक्रार निराळी होती: "ती तुझी चूक झाकते." म्हणून भूप रागाची सरगम रंगात आली असताना ते मध्येच भाता सोडून देत आणि मला एकट्याला गात ठेवीत. एक आवर्तन संपले की आधी मी जिथे घसरलो होतो तो सूर ते वाजवीत, मग खरा षड्ज, आणि दोहोंतील अंतर मला पुन्हा पुन्हा ऐकायला लावीत. त्यावर टीकेचा एक शब्दही नसे, आणि तेच अधिक झोंबे.

आता माझी मुलगी मोबाईलवरच्या तानपुऱ्यासोबत गाते. परवा ती गात असताना मी हळूच त्याचा आवाज बंद केला. तिने डोळे वटारले, पण गाणे थांबवले नाही. आवाज पुन्हा सुरू केला, तेव्हा ती चांगलीच उतरलेली होती. "बाबा, हा चावटपणा आहे," असे म्हणून ती थोडा वेळ रुसून बसली. मग तिने स्वतःच मोबाईल बंद करून उशीखाली सरकवला आणि सा लावला.